साखरेतला खडा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती ग्रीक भाषेत लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती आज ओळखली जाते. लिहिणाऱ्याचे नाव मात्र कुठेच सापडत नाही. कोणत्या बंदरात काय खपते, काय मिळते, वारा कधी धरायचा, एवढ्याशीच त्याला कर्तव्य होते. आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यावर भारतातून काय उतरते ते सांगताना तो गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि कमरेचे शेले अशी यादी देतो. तिच्या शेवटी वेतासारख्या काठीतून निघणाऱ्या मधाची नोंद आहे आणि त्याला ‘साक्खारि’ म्हणतात, असे तो लिहितो. हा माल निघायचा भडोचहून आणि ‘आरिआके’ नावाच्या किनारी मुलुखातून. आरिआके म्हणजे गुजरात आणि उत्तर कोकणाचा पट्टा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्या व्यापाऱ्याने लिहिलेला ‘ख’ मला फार मोलाचा वाटतो. संस्कृतात शब्द आहे शर्करा. त्यात ख नाही. हिंदीत शक्कर, गुजरातीत साकर, कन्नडमध्ये सक्करे, तमिळमध्ये सर्क्करै, यांतही ख नाही. पालीत मात्र ‘सक्खरा’ आहे, आणि मराठीत ‘साखर’. म्हणजे त्या ग्रीक माणसाने हा शब्द कुणा पंडिताकडून घेतलेला नाही. तो त्याने धक्क्यावर ऐकला. पोती मोजणाऱ्या, तांडेलाशी घासाघीस करणाऱ्या प्राकृत बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला आणि जसा कानावर पडला तसा लिहिला. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावर जो ख उच्चारला जात होता, तोच आपण रोज सकाळी चहा करताना उच्चारतो.

ग्रीकमधून हा ख पुढे उत्तरेला गेला. रशियन भाषेत साखरेला जो शब्द आहे तो ग्रीकमधून आलेला, आणि त्याचा उच्चार जवळजवळ ‘साखर’ असाच होतो. मॉस्कोच्या दुकानात मराठी माणसाने आपल्या भाषेत साखर मागितली तर दुकानदाराला ती कळेल, इतका तो जवळचा आहे. मराठी आणि रशियन यांचा या शब्दापुरता थेट संबंध काही नाही. दोघींनी एकाच प्राकृत शब्दाचा ख जपला, एकीने घरी आणि दुसरीने परक्या मुलुखात.

पण हा शब्द मुळात गोड नव्हता. शर्करा म्हणजे खडा, बारीक दगड, रेताड जमिनीतली खडी. पाणिनी आपल्या एका सूत्रात सिकता आणि शर्करा यांची जोडी लावतो. सिकता म्हणजे वाळू. शतपथ ब्राह्मणात तर या शर्करेची एक सुंदर कथा आहे. पृथ्वी आरंभी स्थिर नव्हती, कमळाच्या पानासारखी हलत होती, वारा तिला इकडून तिकडे लोटत होता. देवांनी तिला खडे घालून घट्ट केले. म्हणून अग्निस्थापनेच्या वेळी वेदीवर खडे टाकायचे, असा तो विधी. तिथे शर्करा म्हणजे पायाखालची जमीन टणक करणारी खडी.

सुश्रुतसंहितेत शर्करा हा मूत्रमार्गाचा विकार आहे. मुतखड्याचा चुरा होऊन तो लघवीवाटे पडतो, त्याला शर्करा म्हटले आहे. आज मराठी डॉक्टर ‘रक्तशर्करा’ तपासायला सांगतात तेव्हा त्यांच्या मनात गोडवा असतो. सुश्रुताच्या मनात दगडाची कच होती. शब्द तोच राहिला आणि त्यातला दगड विरघळून गेला.

हा बदल घडला तो उसाच्या घाण्यावर. ऊस आपल्याकडे फार जुना. अथर्ववेदात प्रेमासाठी म्हणायच्या एका मंत्रात उसाचा उल्लेख येतो. जाड, रसरशीत उसाची जात न्यू गिनी बेटावर माणसाळली आणि तिथून पश्चिमेकडे सरकत आली, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ऊस भारताबाहेरही होता. लोक तो चघळत होते, रस पीत होते. पण रस काही तासांत आंबतो. तो आटवून गूळ केला तरी पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटते. लांबच्या प्रवासाला हवा कोरडा दाणा, आणि तो दाणा पाडण्याची विद्या भारतात सिद्ध झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या मालाची वर्गवारी आहे. तिथे फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा हे पाच पदार्थ एकापुढे एक ठेवले आहेत. फाणित म्हणजे आपली काकवी. गुड म्हणजे गूळ. मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखा बारीक रवा धरलेली. खंड म्हणजे तुकडा, आपली खांड. आणि शेवटी शर्करा, म्हणजे सुटे, कोरडे, हाताला खड्यासारखे लागणारे दाणे.

या पाच नावांपैकी एकही चवीवरून पडलेले नाही, हे मला विलक्षण वाटते. ज्यांनी ही नावे दिली ते खाणारे नव्हते, करणारे होते. रस किती आटला, कण कसा पडला, बोटांना काय लागले, यावरून त्यांनी नावे ठेवली. गोडी तर पहिल्या थेंबापासून होतीच, तिच्यासाठी कुणाला खपावे लागले नाही. खपावे लागले ते कणासाठी.

हे काम किती कष्टाचे होते ते पाहायला लांब जायला नको. खांडसरीची जुनी पद्धत उत्तर भारतात अगदी अलीकडपर्यंत चालू होती. रस काहिलीत उकळायचा, रानभेंडीसारख्या वनस्पतीचा चीक घालून वर आलेली मळी काढून टाकायची. पाक गुळाइतका न आटवता आधीच उतरवायचा आणि सावकाश थंड होऊ द्यायचा. मग त्यात दाणे धरतात, पण प्रत्येक दाण्याभोवती काकवीचा चिकट थर असतो. हे मिश्रण गोणीत भरून दाबायचे, काकवी निथळू द्यायची आणि उरलेल्या दाण्यांवर ओल्या शेवाळाचा थर पसरायचा. शेवाळातले पाणी थेंबाथेंबाने खाली झिरपते, दाण्याभोवतीची काकवी धुऊन नेते आणि दाणा मात्र विरघळत नाही. वरचा थर पांढरा झाला की तो खरवडून घ्यायचा आणि पुन्हा शेवाळ पसरायचे. पाणी जास्त झाले तर माल वाहून जातो, कमी पडले तर पिवळा राहतो. हे प्रमाण कुठल्या ग्रंथात शिकता येत नव्हते.

सिकंदराचा सेनानी निआर्कस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात इकडे आला, तेव्हा मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या काठीचे त्याला नवल वाटले. त्यानंतर चारशे वर्षांनी डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याने तिच्या घट्ट मधाचे वर्णन केले. तो मिठासारखा दिसतो आणि दाताखाली मिठासारखाच फुटतो, असे त्याने लिहिले. या चारशे वर्षांत काठीपासून दाण्यापर्यंतचा प्रवास झाला, आणि परदेशी माणसाच्या लक्षात राहिले ते दाताखाली फुटणे. रोमचा प्लिनी तर साखर फक्त औषधात वापरतात असे सांगतो.

इथून पुढे या शब्दाने कुठे कुठे मुक्काम केला ते सगळे सांगायचे तर एक ग्रंथ होईल. इराणात तो शकर झाला. इसवी सन ६२८ मध्ये बायझंटाइन सम्राट हेराक्लियसच्या फौजेने इराणच्या बादशहाचा दस्तगिर्दचा वाडा लुटला, तेव्हा त्या लुटीत रेशीम आणि मिऱ्यांबरोबर साखरही होती. अरबीत तो सुक्कर झाला आणि अरबांबरोबर इजिप्त, सिसिली, स्पेन असा चालत गेला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी तर अरबी उपपदासकट तो उचलला, म्हणून त्यांचे शब्द ‘आसुकार’सारखे ‘अ’ने सुरू होतात. इटालियनमध्ये झुक्केरो, जर्मनमध्ये त्सुकर, फ्रेंचमध्ये स्युक्र, इंग्रजीत शुगर, तुर्कीत शेकेर, स्वाहिलीत सुकारी. पहिल्या धर्मयुद्धात, १०९९ मध्ये, युरोपातले भुकेले सैनिक त्रिपोलीच्या आसपासच्या शेतांतली ही गोड काठी चोखत निघाले. तिचे तिथले नाव ‘झुक्रा’ असल्याची नोंद आखेनच्या आल्बर्टने केली आहे.

खंड या धाकट्या भावंडाचा प्रवासही असाच झाला. इराणात त्याचे कंद झाले, अरबीतून फ्रेंच आणि इंग्रजीत जाऊन कँडी झाले. फारसीतला हाच कंद आपल्याकडे गुलकंदात परत आला. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे खंड. फारसीतलीच शकर दिवाळीच्या ताटात आली ती शकरपारा म्हणून. मराठी तोंडाला तो शब्द ओळखीचा वाटला नाही, पण त्यातला शंकर ओळखीचा वाटला, आणि शकरपाऱ्यांची शंकरपाळी झाली. मलबारातल्या शर्करेचा अपभ्रंश चक्कर पोर्तुगिजांनी उचलला, त्याचे जागरा झाले आणि इंग्रजांनी त्याचे जॅगरी केले. आज गोव्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या गुळाच्या पुडक्यावर इंग्रजीत हाच शब्द छापलेला असतो. गूळ स्वतः पूर्वेला गेला. मलय आणि इंडोनेशियन भाषांत साखरेला गुला म्हणतात, आणि दाणेदार साखरेला ‘गुला पासिर’, म्हणजे वाळूचा गूळ. पाणिनीने शर्करेशेजारी जी वाळू ठेवली होती, ती जावात पुन्हा साखरेशेजारी येऊन बसली.

चीनची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती उत्तर भारतातल्या एका मोठ्या गैरसमजाचा उलगडा करते. चिनी लोक खड्यासारख्या साखरेला पूर्वी ‘दगडी मध’ म्हणत. सातव्या शतकात, इसवी सन ६४७ च्या सुमारास, थांग सम्राट ताइझोंग याने मगधात माणसे पाठवली ती रस आटवून साखर करण्याची रीत शिकून यायला. ती शिकून आल्यावर यांगझोऊहून ऊस मागवून त्याच्या रसावर प्रयोग करवले, अशी चिनी दरबारी इतिहासात नोंद आहे. दुन्हुआंगच्या गुहांत सापडलेल्या कागदांत साखर करण्याच्या कृतीचा एक तुकडा आहे. त्यात एक शब्द असा आहे की त्या चिनी अक्षरांचा चिनी भाषेत काही अर्थच लागत नाही. ती अक्षरे म्हणजे शर्करा या शब्दाचे ध्वनी आहेत, हे जी श्येनलिन यांनी ओळखले. हे बीजिंगमधले संस्कृतचे थोर अभ्यासक. त्यांनी संपूर्ण वाल्मीकी रामायण चिनी भाषेत आणले आणि साखरेचा इतिहासही लिहिला. भारत सरकारने २००८ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. कागदाच्या त्या कपट्यावर एक परका ध्वनी ऐकू येणे, हे आयुष्यभर दोन भाषांत राहिलेल्या माणसालाच शक्य होते.

तर चीनने ही विद्या मगधाकडून घेतली. पुढे तिथे इजिप्तमधल्या लोकांनी लाकडाच्या राखेने साखर साफ करायला शिकवले, असे मार्को पोलो सांगतो. चिनी कारागिरांनी ती इतकी शुभ्र केली की अठराव्या शतकात सुरत आणि मुंबईच्या बंदरांत चिनी साखर जहाजांतून येऊ लागली. उत्तरेतल्या लोकांनी पांढऱ्या साखरेला ‘चीनी’ आणि खडीसाखरेला इजिप्तच्या मिस्र या नावावरून ‘मिसरी’ म्हणायला सुरुवात केली. ज्या मगधातून विद्या गेली त्याच मगधात, म्हणजे आजच्या बिहारमध्ये, साखरेला आज चीनी म्हणतात. बाजार माल शेवटी कुठून आला तेवढेच लक्षात ठेवतो.

मराठीने मात्र साखर सोडली नाही. उलट एक फार मोलाची गोष्ट केली. साखर या शब्दातला खडा लोकांच्या मनातून पुसला गेल्यावर मराठीने तो नव्याने घातला आणि शब्द केला खडीसाखर. रस्त्यावर टाकतात ती खडी, आणि तीच देवळात प्रसाद म्हणून हातावर पडते. ज्याने हा शब्द प्रथम उच्चारला त्याला शतपथ ब्राह्मणातल्या शर्करेची कथा माहीत असण्याचे कारण नाही. त्याने फक्त हातातल्या वस्तूकडे पाहिले.

आता या शब्दाच्या इतिहासातला काळा भाग. कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून ऊस अटलांटिकपलीकडे नेला. त्याआधीच पोर्तुगिजांनी मदेरा बेटावर उसाचे मळे लावले होते आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे तिथे राबवायला सुरुवात केली होती. पुढची साडेतीनशे वर्षे हेच ब्राझीलमध्ये आणि कॅरिबियन बेटांवर चालले. सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली, असा इतिहासकारांचा हिशोब आहे. त्यांतला सर्वांत मोठा वाटा साखरेच्या मुलुखांत उतरवला गेला. गुलामगिरीविरुद्ध इंग्लंडमध्ये १७९१ मध्ये साखरेवर बहिष्काराची चळवळ उठली. तीन लाख लोकांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली असा थॉमस क्लार्कसन यांचा अंदाज होता. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्या घरांत अशी साखरदाणी ठेवायची पद्धत पडली, जिच्यावर आतली साखर ईस्ट इंडीजची आहे, गुलामांनी केलेली नाही, असे लिहिलेले असे. पापी साखर टाकून पुण्याची साखर म्हणून ते भारताकडे वळले.

पण गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्यांनी भारताकडून साखरेऐवजी माणसे मागितली. याची सुरुवात झाली मॉरिशसमध्ये, आणि इथे ही गोष्ट आपल्या दारात येते.

मॉरिशसला ऊस डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून नेला. ते बेट १८१० मध्ये इंग्रजांच्या हाती गेले, आणि १८२५ मध्ये तिथल्या साखरेवरचे जादा कर उठल्यावर सगळ्या बेटावर उसाचे रान झाले. गुलामांची सुटका जवळ आली तशी मजुरांची शोधाशोध सुरू झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय त्या धक्क्यावर उतरले. आज तो आप्रवासी घाट या नावाने जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत होती, आणि त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलुखातली, भातशेती करणारी मराठी माणसे होती.

एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा मळ्यांवरचा नियम होता. आजारी माणसाचे कर्ज त्यामुळे वाढत जाई आणि करार संपता संपत नसे. मॉरिशस हे ज्वालामुखीचे बेट, जमीन काळ्या दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. पिढ्यान्‌पिढ्या मजुरांनी ते हातांनी वेचले आणि शेताच्या मधोमध रचून ठेवले. उसाच्या हिरव्या रानात उभे असलेले ते काळे पायऱ्यापायऱ्यांचे ढीग आजही बेटावर जागोजाग दिसतात. शर्करा या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच शेतात पाहायचे असतील तर ते तिथे दिसतात. दगड उचलणारे हात आणि साखर पिकवणारे हात एकच होते.

त्या मराठी माणसांनी गणपती नेला. रत्नागिरीच्या वाड्यांत गणपतीत जी जाखडी नाचतात ती तिथे झाकरी म्हणून आजही नाचली जाते, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. पण घरात बोलायची भाषा हळूहळू क्रिओल झाली. क्रिओलमध्ये साखरेला ‘दिसिक’ म्हणतात. फ्रेंच माणूस दुकानात ‘थोडी साखर द्या’ म्हणताना जे शब्द वापरतो त्यांचे हे रूप. त्यांतला साखरेचा शब्द फ्रेंचमध्ये आला इटालियनमधून, तिथे अरबीतून, अरबीत फारसीतून, फारसीत प्राकृतातून. कोकणातून गेलेल्या माणसाच्या तोंडी साखर होती. त्याच्या पणतूच्या तोंडी दिसिक आहे. पणतूला वाटते पणजोबांचा शब्द हरवला, पण तो दोन हजार वर्षे जग फिरून दुसऱ्या वेशात त्याच घरात आला आहे. हे मॉरिशसमधल्या प्रत्येक मराठी मुलाला शाळेत सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

या कथेचा दुसरा पदर मुंबईत आहे. मॉरिशसची साखर जहाजे भरभरून इकडे येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारत हे तिचे फार मोठे गिऱ्हाईक होते. त्या साखरेला इकडच्या बाजारात नाव पडले मोरस, म्हणजे मॉरिशसचा अपभ्रंश. गुजरातीत पांढऱ्या साखरेला हा शब्द अजून आहे, आणि जुन्या मराठीतही मोरस साखर म्हटले जाई. साखरपुड्याच्या पुड्यात, बारशाच्या ताटात, वाण्याच्या बरणीत मोरस असे. गिरणगावात राहणाऱ्या कोकणी माणसाने विकत घेतलेला साखरेचा पुडा त्याच्याच गावाहून गेलेल्या कुणी तोडलेल्या उसाचा असणे अगदी शक्य होते. पुड्यावर तसे लिहिलेले नव्हते एवढेच.

शतक संपता संपता जर्मनी आणि ऑस्ट्रियाची बीटाची साखरही आली. बीटात साखर आहे हे बर्लिनच्या मार्गग्राफने १७४७ मध्ये दाखवले होते. नेपोलियनच्या युद्धांत समुद्र बंद झाले तेव्हा युरोपाने त्या बीटावर कारखाने उभे केले होते. सरकारी अनुदानावर स्वस्त झालेली ही साखर इतकी आली की १८९९ मध्ये हिंदुस्थान सरकारला तिच्यावर जादा जकात बसवावी लागली. पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. ती हाडांच्या कोळशातून गाळतात ही गोष्ट लोकांच्या मनाला लागली होती, आणि ती खोटी नव्हती. ज्या देशाने जगाला साखर हा शब्द दिला, त्या देशातल्या माणसांनी देवाच्या प्रसादात परकी साखर नको म्हणून पुन्हा गूळ हाती घेतला.

१९३२ मध्ये देशी कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि नीरा–प्रवरेच्या कालव्यांवर धुराडी उभी राहिली. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. साखरसम्राट हा शब्द त्यातूनच आला.

त्याच कारखान्यांच्या फडात मराठीचे आणखी शब्द घडले, आणि त्यांच्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. दरवर्षी बीडसह मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांतून लाखो माणसे ऊस तोडायला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीदार नसलेला माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जे पैसे देतो ती उचल, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. एक दिवस खाडा पडला तर दंड. मॉरिशसच्या मळ्यावरचा नियम इथे वेगळ्या भाषेत पुन्हा भेटतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. अर्थशास्त्रातल्या पाच नावांपासून आजपर्यंत साखरेचे शब्द करणाऱ्यांच्या हातून घडले. माणसाला त्याच्या हातातल्या हत्याराचे नाव देणारा कोयता हा शब्दही याच परंपरेतला आहे, आणि तो वाचताना लाज वाटली पाहिजे.

आता फडात तोडणीची यंत्रे येत आहेत. आणखी वीस-पंचवीस वर्षांत कोपी, मोळी, वाढं, पाचट, उचल, अर्धा कोयता हे शब्द या अर्थांनी बोलणारी माणसे विरळ होतील. त्यांचे कष्ट कमी होणार असतील तर ते व्हायलाच हवेत. पण धक्क्यावरचा एक ख कुणा अनामिक व्यापाऱ्याने लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला या शब्दाचा जन्म कळतो. महाराष्ट्रातल्या मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांनी आणि कोशकारांनी या हंगामात फडावर जावे, तोडकऱ्यांच्या कोपीत, म्हणजे त्यांच्या खोपटात, बसावे, त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडून ऐकावेत आणि सांगणाऱ्याच्या नावागावासह लिहून ठेवावेत. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो.